तीनशे पंधराचे मूळ गाव

कोल्हापूर आणि रायफल हे दोन शब्द एकत्र आले की आजच्या तरुणांना प्रथम आठवतात ते तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील यांनी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. परंतु याच जिल्ह्यात रायफलीची आणखी एक ओळख आहे आणि ती या पदकांच्या कितीतरी आधीची आहे. शेतघरातल्या लोखंडी कपाटात, कधी पहारेकऱ्याच्या खांद्यावर, निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या परवान्याच्या शस्त्रांमध्ये ती दिसते. लोक तिला नुसते ‘तीनशे पंधरा’ म्हणतात. हा आकडा आला कोठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ०.३०३ चा उगम बहुतेकांना ठाऊक असतो. ती इंग्रजी फौजेची रायफल. ०.३१५ हा आकार इंग्रजांच्या कोणत्याही फौजेचा नव्हता. मग तो कोणाचा?

राजारामपुरीतल्या एका घराला हा प्रश्न पडला तो इतिहासाच्या आवडीमुळे नव्हे, कायद्यामुळे.

राजारामपुरी ही राजाराम महाराजांच्या, म्हणजे १९२२ ते १९४० या कारकिर्दीत आकाराला आलेली वसाहत. जुन्या पेठांची वळणे तिला नाहीत. सरळ आखलेल्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत. त्यांपैकी एका गल्लीतल्या या कुटुंबाचे शेत भुदरगड तालुक्यात आहे आणि वडिलांच्या नावे असलेल्या परवान्यावर तीन शस्त्रे होती. १४ डिसेंबर २०१९ पासून शस्त्र कायद्यातील दुरुस्ती लागू झाली. तोवर एका व्यक्तीला तीन शस्त्रे बाळगता येत, आता दोनच. मूळ विधेयकात तर मर्यादा एकाच शस्त्राची होती, ती संसदेत दोनवर आली. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही सवलत नव्हती. जास्तीचे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. म्हणजे तिघांतले एक घराबाहेर जाणार, आणि कोणते, हे घरानेच ठरवायचे.

पहिले शस्त्र दुनळी बारा बोअरची बंदूक. गव्यांचा कळप उसात उतरला की हवेत बार काढायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. ती राहणार याबद्दल वाद नव्हता. दुसरी ‘तीनशे पंधरा’. आजोबांनी फौजेतून परतल्यावर, स्वतःच्या पैशांनी, सरकारी कारखान्यात तयार झालेली म्हणून घेतलेली. लाकूड जाडेभरडे, पोलादावर कानशीच्या खुणा, वजन खांद्याला टोचणारे. तिसरी आजीच्या माहेरची. आजीचे वडील संस्थानी काळात शिकारखान्यात नोकरीस होते आणि एका जहागीरदाराने त्यांना ती बक्षीस दिली होती, एवढीच तिची घरातली कथा. तिच्या पोलादावर बारीक अक्षरांत ‘श्टायर’ या गावाचे नाव आणि ‘मॅनलिकर-शोनाउअर, १९०३’ असा ठसा होता.

ती पाहिलेल्या कोणाचेही मत क्षणात ठरावे, अशीच होती. अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाचेही तसेच ठरले.

बोल्ट असलेल्या रायफलीचे तत्त्व जुन्या दाराच्या अडसरासारखे असते. दांडी फिरवून मागे ओढली की दार उघडते आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून फिरवली की नवे काडतूस नळीत बसते आणि दार बंद होते. बंद दाराला आतून हजारो किलोंचा धक्का बसणार असतो, म्हणून अडसराची लोखंडी बोटे खाचेत नेमकी बसली पाहिजेत. सगळे कौशल्य त्या नेमकेपणात असते. मॅनलिकर-शोनाउअरमध्ये हा अडसर इतका सफाईने सरकतो की रायफल उभी धरली तर काही वेळा स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्याची दांडी गोल मुठीची नसून चमच्यासारखी चपटी, नळीला चिकटून राहणारी. नळी आखूड, अवघी ४५ सेंटिमीटर, आणि दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड थेट तिच्या तोंडापर्यंत गेलेले. चाप दोन: मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोटाचा स्पर्श पुरे.

पण तिची खरी करामत पोटात आहे. इतर रायफलींत काडतुसे एकावर एक रचलेली असतात आणि खालची कमान त्यांना वर ढकलते. येथे एक फिरता दंडगोल आहे. त्याच्या पाच खाचांत पाच काडतुसे, रहाटाला पोहरे बांधावेत तशी. बोल्ट मागे गेला की दंडगोल एक घर पुढे फिरतो. काडतुसे एकमेकांवर घासत नाहीत, धक्क्याने गोळीचे टोक बोथट होत नाही. ही योजना श्टायरच्या कारखान्यातील ओटो शोनाउअर यांची; बाकीची रचना फर्डिनांड मॅनलिकर यांची. मॅनलिकर मूळचे बोहेमियातले आणि पेशाने रेल्वेचे अभियंते होते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी बंदुका पाहिल्या आणि पुढचे सगळे आयुष्य त्यांनाच वाहिले. १९०३ साली ग्रीसने ही रायफल फौजेसाठी घेतली, आणि त्याच वर्षी तिची शिकारी आवृत्ती निघाली. ६.५ मिलिमीटरची, म्हणून इंग्रज शिकारी तिला ‘दोनशे छप्पन्न मॅनलिकर’ म्हणू लागले. हेमिंग्वेच्या फ्रान्सिस मॅकोम्बरच्या कथेत शेवटी जी गोळी सुटते ती याच आकाराच्या मॅनलिकरमधून. येथे एक गैरसमज दूर करणे बरे. केनेडी यांच्या हत्येसंदर्भात ‘मॅनलिकर-कार्कानो’ हे नाव तरुणांच्या कानावर आलेले असते. ती रायफल इटलीची. मॅनलिकरचे म्हणावे असे तिच्यात काडतुसे एकत्र धरणाऱ्या क्लिपपलीकडे फारसे काही नाही.

श्टायर हे गाव एन्स आणि श्टायर या दोन नद्यांच्या संगमावर आहे. डोंगरातले लोखंड आणि नदीचे पाणी यांमुळे तेथे शतकानुशतके लोहारकाम चालत आले. तेथल्याच एका बंदूक-कारागिराचा मुलगा योझेफ वेर्न्डल अमेरिकेत जाऊन कोल्ट आणि रेमिंग्टन यांचे कारखाने पाहून आला आणि १८६४ साली त्याने आपला कारखाना काढला. नाव ‘शस्त्रांचा कारखाना आणि लाकडाची गिरणी’ असे जोडीचे होते, कारण शस्त्रांना गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसावी. गिऱ्हाईक मिळवून दिले ते एका पराभवाने. ३ जुलै १८६६ रोजी केनिगग्रेट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियाचे सैनिक उभे राहून तोंडाकडून दारू ठासत होते, आणि समोरचे प्रशियन सैनिक जमिनीवर आडवे पडून मागून काडतूस भरत होते. ऑस्ट्रियन बंदूक लांब पल्ल्याला अधिक अचूक होती, यावर इतिहासकार आजही बोट ठेवतात. परंतु उभ्या माणसाच्या आणि आडव्या माणसाच्या लढाईत अचूकपणाला फारसा अर्थ उरत नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाने वेर्न्डलची मागून भरायची रायफल स्वीकारली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस श्टायरच्या कारखान्यात सुमारे दहा हजार माणसे काम करीत होती आणि युरोपातली अर्धी राष्ट्रे तेथे मागणी नोंदवीत होती.

त्या गिऱ्हाइकांत पोर्तुगाल होते, आणि तेथून ही कथा मराठी मुलखाच्या सीमेवर येते. पोर्तुगालने १८८६ साली क्रोपाचेक ही रायफल निवडली. तिची रचना ऑस्ट्रियन सेनाधिकारी आल्फ्रेड क्रोपाचेक यांची आणि बनावट श्टायरची. नळीखाली आणखी एक नळी आणि तिच्यात एकामागे एक आडवी ठेवलेली काडतुसे. १८९५ साली गोव्यातील पोर्तुगीज फौजेच्या मराठा शिपायांना मोझांबिकच्या लढाईवर जाण्याचा हुकूम झाला. समुद्र ओलांडून, दुसऱ्याच्या राज्यासाठी, आफ्रिकेतल्या लोकांशी लढायला त्यांनी नकार दिला, पणजीहून निघून सत्तरीतला नाणूसचा किल्ला गाठला, आणि राणे त्यांना मिळाले. बंड मोडायला पोर्तुगालच्या राजाचा भाऊ इन्फान्त अफोंसु लिस्बनहून सैन्य घेऊन आला. त्या वर्षी पोर्तुगीज पायदळाची मुख्य रायफल हीच होती. ज्या मोझांबिकला जायचे शिपायांनी नाकारले, तेथेही हिचाच आवाज घुमत होता. सत्तरीच्या जंगलातल्या त्या बंडाविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. बंदुकीवरचे गाव मात्र कोणी वाचलेले दिसत नाही.

इंग्रजी मुलखात गोष्ट वेगळी होती, आणि त्या वेगळेपणाचे कारण कोल्हापूरला चांगले ठाऊक होते. १८४४ चे गडकऱ्यांचे बंड येथलेच. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात असलेल्या २७ व्या पलटणीने उठाव केला. डिसेंबरात चिमासाहेबांच्या प्रेरणेने शहर पुन्हा उठले आणि त्यांची रवानगी कराचीला झाली. शस्त्र आणि प्रजा यांच्यामध्ये कागद उभा करायचा, हे धोरण त्यातून पक्के झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्याला रूप दिले. संस्थानिक, जहागीरदार आणि गोरे अधिकारी यांच्या हाती बंदुका राहिल्या, इतरांच्या हाती परवान्याचा अर्ज.

कोल्हापूरच्या दरबारात शिकार हा निव्वळ शौक नव्हता, तो कारभाराचा एक विभाग होता. शाहू महाराजांच्या काळात माळावर काळविटांमागे चित्ते सोडले जात, त्यांना पाळणारी आणि शिकवणारी माणसे नोकरीस असत. दाजीपूरच्या जंगलात गव्यांची शिकार होई. आज त्याच जंगलातला गवा संरक्षित आहे. १९५८ साली तेथे अभयारण्य झाले. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे पाहताना शाळकरी मुले दात मोजतात. त्या जनावरांच्या अंगातले छिद्र कोणत्या रायफलीचे, हे कोणी विचारत नाही, आणि ते बरेही आहे. मॅनलिकर-शोनाउअरसारख्या हलक्या रायफलीने हत्ती मारल्याच्या फुशारक्या आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. बारीक, लांब गोळी हाडातून सरळ जाते हे खरे. पण नेम चुकल्यावर जखमी होऊन झाडीत मरत पडलेल्या जनावरांचा हिशेब कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

राजारामपुरीच्या घरात २०२० च्या पावसाळ्यात वाद रंगला तो असा. नातवाचे म्हणणे, ऑस्ट्रियाची ठेवू आणि सरकारी देऊन टाकू. एक कलाकृती आहे, दुसरी अवजार. एकीला इतिहास आहे, दुसरीला केवळ अनुक्रमांक. वडिलांचे म्हणणे, दादांनी, म्हणजे आजोबांनी, आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू. ती मी ठाण्यात गंजायला ठेवणार नाही. आजी माहेरच्या बाजूने बोलेल असे सर्वांना वाटत होते. ती एवढेच म्हणाली, “ठेवा की. पन तिला खायला काय घालनार हायसा?”

प्रश्न बिनतोड होता. ६.५ मॅनलिकरचे काडतूस भारतात तयार होत नाही. स्वातंत्र्यानंतर आयात आटली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि साधारण त्याच सुमारास श्टायरने ही रायफल करणेही थांबवले. घरातल्या रायफलीने नातवाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आवाज केलेला नव्हता. तिला तेल मिळत होते, अन्न नाही.

आणि ‘तीनशे पंधरा’ला अन्न कोठून मिळते, हे पाहण्यासाठी नातवाने तिचे एक उडवलेले, रिकामे काडतूस हातात घेतले. बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे होती: किर्की फॅक्टरी, म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. बुडाला बाहेर आलेली किनार होती. व्हर्निअरने लांबी मोजली, ५० मिलिमीटर. मग त्याने ०.३१५ ला २५.४ ने गुणले, कारण एका इंचात तेवढे मिलिमीटर असतात. उत्तर आले ८. आठ मिलिमीटर व्यास, पन्नास मिलिमीटर लांबी, किनारीचे बूड. हे वर्णन एका प्रसिद्ध काडतुसाला लागू पडते: ऑस्ट्रिया-हंगेरीच्या शाही फौजेचे ८ × ५० मॅनलिकर.

ज्या रायफलीला इतिहास नाही असे ठरले होते, तिच्या पोटात व्हिएन्नाच्या सम्राटाचे काडतूस निघाले.

ते तेथे पोहोचले कसे, याचे उत्तर पुन्हा कायद्यातच आहे. इंग्रज सरकारला भीती होती ती फौजेच्या कोठारातून चोरीला जाणाऱ्या काडतुसांची. खाजगी माणसाकडे फौजेच्याच आकाराची रायफल असेल तर चोरलेले काडतूस तिच्यात चालणार. म्हणून ०.३०३ सामान्य माणसाला मिळेनाशी झाली. त्याआधीच्या मार्टिनी रायफलींच्या भीतीने ०.४५० च्या मोठ्या शिकारी रायफलींवरही विसाव्या शतकाच्या आरंभी बंदी आली. इंग्लंडमधले बंदूकवाले हिंदुस्थानची बाजारपेठ सोडणार थोडेच. त्यांनी फौजेत नसलेले आकार शोधले. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कारखान्याने ली-एनफिल्डचाच सांगाडा घेतला आणि त्यात ऑस्ट्रियन काडतूस बसवले. सांगाडा तयार होता, काडतूस जगभर सिद्ध झालेले होते, आणि हिंदुस्थानातल्या एकाही कोठारात ते नव्हते. चोराच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून सरकारच्या दृष्टीने निर्धोक. मिलिमीटरचे इंचांत रूपांतर करून तिला नाव मिळाले ‘०.३१५’, आणि त्या रूपांतरात मॅनलिकरांचे नाव गळून पडले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने शस्त्र कायदा बदलला, १९५९ साली नवा केला. पण फौजेचे आकार लोकांना द्यायचे नाहीत, हे तत्त्व तसेच ठेवले. मग कोलकात्याजवळच्या ईशापूर येथील सरकारी रायफल कारखान्याने ली-एनफिल्डच्याच धर्तीवर पाच काडतुसांची ‘तीनशे पंधरा’ तयार केली आणि ती शेतकऱ्यापासून माजी सैनिकापर्यंत सर्वांच्या परवान्यावर चढली. ऑस्ट्रियाच्या फौजेने ते काडतूस केव्हाच सोडून दिले होते. ऑस्ट्रिया-हंगेरी हे राज्यच १९१८ साली नकाशावरून पुसले गेले. त्याचे काडतूस मात्र खडकीत तयार होत राहिले. साम्राज्ये अशी विचित्र ठिकाणी शिल्लक राहतात. कोठे कॉफीच्या पद्धतीत, कोठे रेल्वेच्या रुळांत, आणि येथे भुदरगडच्या उसाच्या फडाशेजारी.

या शोधानंतर नातवाला आजोबांची एक गोष्ट नव्याने समजून घ्यावी लागली. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते आणि १९४१ साली इरिट्रियात केरेनला लढले होते. केरेन म्हणजे उभ्या कड्यांचा प्रदेश. एकच खिंड, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या शिखरांवर इटलीची फौज. फेब्रुवारीपासून २७ मार्चपर्यंत ही लढाई चालली. १५ मार्चच्या रात्री तिसऱ्या मराठा पलटणीने ‘पिनॅकल’ नावाचा सुळका चढून घेतला. दिवसा त्याच चढावर स्कॉटिश पलटणीचा हल्ला मोडला होता. पहाटेच्या सुमारास शेजारचा डोलोगोरोडोकचा किल्ला पडला आणि खिंडीचे दार किलकिले झाले. सह्याद्रीत वाढलेल्या माणसांना ते कडे परके वाटले नसावेत, असे इंग्रज अधिकारी कौतुकाने लिहीत. चढताना वरून गोळ्या येत असतील तर डोंगर ओळखीचा असल्याचा फायदा किती, हे चढणाराच सांगू शकेल.

वरून गोळ्या झाडणाऱ्यांत इटालियन होते, तसेच इटलीच्या फौजेतले स्थानिक शिपाईही होते. त्यांना अस्कारी म्हणत. इरिट्रिया, इथिओपियातली ही माणसे. त्यांच्या हातांत कोणत्या रायफली होत्या? पहिल्या महायुद्धात हरलेल्या ऑस्ट्रियाकडून भरपाई म्हणून इटलीला मॅनलिकरच्या १८९५ च्या रायफली प्रचंड संख्येने मिळाल्या होत्या. श्टायर आणि बुडापेस्टच्या कारखान्यांनी मिळून त्या तीस लाखांहून अधिक केल्या होत्या. तिचा बोल्ट फिरवावा लागत नाही. नुसता सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. आतल्या पेचदार खाचा फिरवण्याचे काम स्वतः करतात. म्हणून ती झपाट्याने चालते, मात्र धूळ आणि चिखल तिला मानवत नाहीत. इटलीने घरच्या सैन्याला आपल्या रायफली ठेवल्या आणि या परक्या रायफली मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतल्या अस्कारींना दिल्या. काडतूस तेच: ८ × ५० मॅनलिकर. मूळच्या लष्करी नगात गोळी १५.८ ग्रॅमची, बोथट नाकाची.

म्हणजे केरेनच्या उतारावर मराठा शिपायांच्या दिशेने आलेल्या गोळ्यांपैकी अनेक गोळ्या ज्या काडतुसातून सुटल्या, तेच काडतूस परतल्यावर आजोबांनी पैसे मोजून, अर्ज करून, तहसील आणि ठाण्याच्या फेऱ्या मारून घरी आणले. त्यांना हे ठाऊक नव्हते. परवान्यावर ‘०.३१५, भारतीय बनावट’ असे होते आणि भारतीय बनावट या दोन शब्दांचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या डाव्या दंडावर केरेनची एक खूण होती. ती इटालियन ६.५ ची, ऑस्ट्रियन ८ ची, की उखळी तोफेच्या कपच्याची, हे सांगणे शक्य नाही आणि त्यांनी कधी सांगितलेही नाही. अस्कारींविषयी मात्र ते एक वाक्य नेहमी बोलत. पोरे आमच्यासारखीच होती, पगारासाठी आलेली.

नातवाने हे सगळे वडिलांना सांगितले तेव्हा वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा निर्णय आधीच झालेला होता आणि त्याला व्हिएन्नाची गरज नव्हती. तरी त्यांनी रिकामे काडतूस मागून घेतले, प्रकाशात फिरवून पाहिले, आणि आजीच्या हातात दिले.

ऑस्ट्रियन रायफल गेली. ठाण्यातल्या मालखान्यात ती नेऊ नये यावर सर्वांचे एकमत झाले. जुनी शस्त्रे तेथे चिठ्ठ्या बांधून एकमेकांवर रचली जातात, दोन पावसाळ्यांत नळी आतून तांबूस होते आणि मग तिला काही किंमत उरत नाही. कायद्याने दुसरी वाट ठेवली होती, परवानाधारक विक्रेता. त्याच्याकडे जमा करून, पुढे दुसऱ्या परवानाधारकाच्या नावे ती करता येते. असे गिऱ्हाईक फारसे नसते. ज्या रायफलीला काडतूस नाही ती कोण घेणार? गेल्या काही वर्षांत देशभरातल्या अशा अनेक घरांतून मॅनलिकर, माउझर, रिग्बी अशाच बाहेर पडल्या असतील. त्यांच्याबरोबर ‘ही कोणी कोणाला दिली’ ही माहितीही बाहेर पडते, आणि ती कोणत्याही नोंदवहीत जमा होत नाही. नातवाने जाण्यापूर्वी प्रत्येक ठशाचे छायाचित्र काढले, पाच खाचांचा दंडगोल एकदा बाहेर काढून पुसला, आजीकडून जहागीरदाराच्या बक्षिसाची हकिकत जेवढी आठवली तेवढी वहीत उतरवून घेतली. आजीला आठवले ते फार नव्हते. रायफल घरी आली त्या दिवशी आपल्या वडिलांनी तिला हळदकुंकू वाहिले होते, आणि आईने ती स्वयंपाकघरात आणू दिली नव्हती.

डिसेंबरची मुदत जवळ आली होती. विक्रेत्याच्या दुकानात गर्दी होती, मास्क लावलेली माणसे हातभर अंतरावर रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात कापडात गुंडाळलेले काहीतरी लांब. लिहिणाऱ्याने पावती फाडली: रायफल, एक, बोअर, ६.५; अनुक्रमांक; बनावट, ऑस्ट्रेलिया. वडिलांनी चष्मा लावून पावती वाचली आणि परत पुढे सरकवली. लिहिणाऱ्याने शेवटची तीन अक्षरे खोडून वर ‘ऑस्ट्रिया’ असे लिहिले. वडिलांनी खाडाखोडीवर सही मागितली, शिक्का मागितला, आणि तो उमटेपर्यंत रांग अडवून उभे राहिले.